करंगळीवरचं मीठ

गायधनी काका गाडी चाटायचे.

थेट जीभ लावून नव्हे, तेवढी अदब त्यांच्यात होती. पण हिवाळ्यात कोणाच्याही घरी गेले की आधी बेल वाजवायची नाही. दारात उभ्या असलेल्या गाडीवरून करंगळी फिरवायची, ती जिभेच्या टोकाला लावायची, आणि लग्नघरातल्या आचाऱ्याने आमटी चाखावी तसे डोळे मिटून निकाल द्यायचा. "आज बेताचं पडलंय." नाहीतर, "मीठवाल्याचा हात सुटलाय बरं का काल!" आमच्या मिशिगनमध्ये बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि इतकं टाकतात की जानेवारीत साऱ्या गाड्या एकाच रंगाच्या होतात. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर जो पांढरट राप चढतो ना, तो रंग.

ट्रॉयमधला आमचा पहिलाच हिवाळा होता. मी नागपूरचा, थंडी म्हणजे स्वेटर घालून संत्री खाण्याचे दिवस, एवढीच माझी समजूत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या बायकोने, मृणालने, महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या चारजणींना बोलावलं होतं. गायधनी काकूंना सोडायला काका आले आणि मी खिडकीतून पाहतो तर एक सद्गृहस्थ माझ्या नव्या गाडीची चव घेतायत. मी धावत बाहेर गेलो. "काका, काय झालं?"

"खारट झालीय," ते गंभीरपणे म्हणाले.

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "मग पाणी घाला."

काका इतके खूश झाले की मला मिठीच मारली. तेव्हापासून तो आमचा नमस्कार झाला. त्यांनी मिठाचा निकाल द्यायचा, मी "पाणी घाला" म्हणायचं. मंडळाच्या सभेत, देवळात, एकदा तर कोणाच्या तरी तेराव्याला.

काका नाशिकचे. उभा जन्म त्यांनी मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन करण्यात घालवला होता. "दार उघडताना माणूस गाडीकडे बघतो, दाराकडे बघतो, हँडलकडे बघतो. बिजागरीकडे कोणी बघत नाही. म्हणून ती टिकते," असं ते सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांचा एकच शत्रू उरला: गंज. रविवारी गाडी धुणाऱ्या आम्हा सगळ्यांची ते कीव करत. "वरून सगळेच धुतात रे. गंज खालून चढतो. आधी खाली वाक, खालून पाणी मार, मग वरची रंगरंगोटी." मी वाकत असे. माझी दुखरी कंबर हे काकांचं मला मिळालेलं पहिलं देणं.

नाही म्हणायला दुसरे शत्रू होते, ते म्हणजे निवृत्त झाल्यावर फ्लोरिडाला किंवा ॲरिझोनाला जाणारे लोक. त्यांच्या निरोपसमारंभाला काका जात, पोटभर जेवत आणि परतताना गाडीत बसून त्यांचा उद्धार करत. "तीस वर्षं इथलं मीठ खाल्लं, आणि गुडघा दुखला की पळाले वाळवंटात! मी नाही जाणार. मी तर हे मीठ अक्षरशः खाल्लंय." आणि करंगळी दाखवत. मी मान डोलवायचो. मागच्या सीटवर काकू गुडघ्यावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत असायच्या. हे मला आता आठवतं. तेव्हा मी फक्त मान डोलवत होतो.

मग बोट आली.

जुनी, अठ्ठावीस फुटी, आत दोघांना झोपता येईल अशी केबिन असलेली, आणि कोणीतरी वर्षानुवर्षं परसात विसरून गेलेली. काकांनी ती ट्रेलरसकट उचलून आणली आणि गॅरेजशेजारी उभी केली. तिच्या पोटाला भोकं होती आणि आत खारींचं बिऱ्हाड होतं. "मिशिगनची गंमत बघ," काका म्हणाले, "समुद्राएवढी तळी, पण पाणी गोड. खारं पाणी आहे ते रस्त्यावर. बोट तळ्यात ठेवली तर शंभर वर्षं टिकेल. रस्त्यावर ठेवली तर दहा."

तिच्यावर मी किती रविवार पॉलिश पेपर घेऊन घालवले ते विचारू नका. पहिल्या रविवारी मी अर्ध्या चड्डीत गेलो. फायबरग्लासची पूड पायांना लागली आणि आठवडाभर मी ऑफिसच्या मीटिंगांमध्ये टेबलाखाली पाय खाजवत होतो. आमच्या मॅनेजरला वाटलं, मी फार अस्वस्थ आहे. त्याने मला एक छोटं प्रोजेक्ट कमी दिलं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "बघ, आत्तापासून फायदा व्हायला लागला."

तिसऱ्या उन्हाळ्यात बोटीचं बारसं झालं. होय, बारसंच. काकू म्हणाल्या, घरात आलेल्या लेकराला नाव नको? फुगे लावले, घुगऱ्या वाटल्या, आणि काकांना बहीण इथे कोणी नाही म्हणून मृणाल आत्या झाली. आता आत्याने नाव कानात सांगायचं, तर बोटीचा कान कुठे? काकू म्हणाल्या, भोंग्यात सांग. काका म्हणाले, भोंगा हे तोंड आहे. बराच वाद होऊन शेवटी नांगराची साखळी जिथून आत जाते त्या भोकात मृणालने नाव सांगितलं: गोदा. बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, आणि मी एका बोटीचा आतोबा झालो. त्याच दिवशी सगळ्या मंडळासमोर काका म्हणाले, "गोदा ज्या दिवशी सेंट क्लेअर तळ्यात उतरेल त्या दिवशी पहिली फेरी मंदारच्या हातची. सुकाणू त्याचं. मी मागे बसून भडंग खाणार."

मंदार म्हणजे मी, आणि मला पोहता येत नाही. तरीही त्या वाक्यावर मी पुढचे सगळे हिवाळे काढले.

काकांनीच मला ट्रक घ्यायला लावला. "मंदार, गाडी खिशाच्या मापाची घेऊ नये, स्वप्नाच्या वजनाची घ्यावी. तुझ्या त्या डबीने गोदा ओढली जाईल का?" मी मोठा पिकअप ट्रक घेतला. मृणाल म्हणाली, "छान. यातून आपण कोथिंबीर आणू." आणि खरोखर आम्ही त्यातून कोथिंबीरच आणली, कारण दर वर्षी मे महिना आला की गोदेचं काहीतरी उरलेलंच असायचं.

ट्रेलर मागे घ्यायलाही काकांनीच शिकवलं, म्हणजे शिकवून पाहिलं. ट्रेलर उलटा चालतो: स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की तो डावीकडे जातो. "ट्रेलर म्हणजे जावई," काका समजावत. "त्याला डावीकडे न्यायचंय? मग आपण म्हणायचं, चला उजवीकडे जाऊ." मी आमची टपालपेटी पाडली. नवी बसवली, तीही पाडली. मग शेजाऱ्यांची पाडली. "तू जावयाशी बोलतच नाहीस," काका म्हणाले, "तू त्याला घाबरतोस."

या वर्षी संक्रांत झाली आणि काका म्हणाले, "आता फक्त इंजिन. ओहायोत एरी तळ्याच्या काठी एकजण आहे, तो बसवून देईल. हिवाळ्यात त्याचे हात मोकळे असतात; उन्हाळ्यात हे मेकॅनिक व्याह्यांसारखे वागतात. मेमध्ये गोदा पाण्यात." त्यांच्या उजव्या डोळ्याचं काहीतरी झाल्यापासून काकूंनी त्यांना हायवे बंद केला होता. ट्रक माझा होता. स्वप्नही, मला वाटत होतं, माझंच होतं. शनिवारी सकाळी आम्ही निघालो.

गोदा पांढऱ्या जाड प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली होती, नाक तेवढं टोकदार. ट्रकच्या आरशात एखादा मोठा उकडीचा मोदक माझा पाठलाग करतोय असं दिसत होतं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रेलरच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, गोदेच्या नाकाला कुंकू लावलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, "काकू, इंजिन बसवायला चाललीय, बाळंतपणाला नव्हे!" काकू काही बोलल्या नाहीत. मृणाल त्यांच्या शेजारी उभी होती. तीही बोलली नाही, आणि मी विनोद केल्यावर मृणालने गप्प राहणं हे शंका यायला पुरेसं कारण होतं. पण मी आरसे नीट करण्यात गुंग होतो.

रस्ता कोरडा आणि पांढरा होता. बर्फाने नव्हे, मिठाने. पुढचे ट्रक खारट धुरळा उडवत होते आणि माझी काच धुवायचं निळं पाणी मन्रो गावाच्या आसपासच संपलं. मी जीव मुठीत धरून चालवत होतो. एका पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा काका नेहमीप्रमाणे ट्रेलरच्या चाकांकडे गेले आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी तळहाताची मागची बाजू एकेका चाकाच्या मधोमध ठेवत गेले. चाकाचं बेअरिंग बिघडलं की ते गरम होतं. "ताप नाही," ते म्हणाले.

मागच्या बाजूला प्लॅस्टिक थोडं फाटून फडफडत होतं. मी चिकटपट्टी घेऊन शिडीवरून वर चढलो. प्लॅस्टिकला आत शिरायला चेनचं एक दार असतं. ते उघडून आत डोकावलो. केबिनच्या गादीवर एक खण पसरलेला होता. हिरवा, लाल काठाचा. त्यावर तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि मधोमध शेंडी असलेला नारळ.

ओटी. इंजिन बसवायला निघालेल्याची कोणी ओटी भरत नाही. घर सोडून सासरी निघालेल्या लेकीची भरतात.

मी नारळ हातात घेऊनच खाली उतरलो. काका कॉफीचा कप घेऊन उभे होते.

"काका, हे काय आहे?"

त्यांनी नारळाकडे बघितलं, मग चाकाकडे. "डावीकडचं जरा कोमट लागतंय."

"काका."

"तिला सांगितलं होतं मी, काही ठेवू नकोस म्हणून," ते म्हणाले. "बायका ऐकत नाहीत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गोदा विकली होती. ओहायोत मेकॅनिक नव्हताच. नवरा-बायको होते, ते घेणार होते. घरही विकलं होतं. काकूंच्या गुडघ्यांना मिशिगनची थंडी आता सोसत नव्हती आणि मुलगा ॲरिझोनात चँडलरला होता. पुढच्या महिन्यात निघायचं.

"वाळवंटात," मी म्हणालो.

"वाळवंटात," काका म्हणाले.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू आला असतास का?"

"नसतो आलो!"

"मग?" काकांनी असे हात पसरले की जणू माझ्याच तोंडून मी त्यांना निर्दोष सोडलं.

"बोटी ओढून नेणाऱ्या कंपन्या असतात, काका."

"असतात की. पण ते तिला सामान म्हणून नेतात." हे त्यांनी फार हळू म्हटलं. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी या वाक्याला विरघळलो असतो.

"बसा," मी म्हटलं. "परत चाललोय आपण."

मी रागाने ट्रक सुरू केला, रागाने वळवला आणि पंपाच्या मागच्या बाजूला रागानेच घुसलो. तिथे बर्फ लोटून केलेला दोन पुरुष उंचीचा ढीग होता आणि पुढे रस्ताच नव्हता. आता मागे यायचं. रागाने परत फिरायचं म्हटलं तरी माणसाला रिव्हर्स यावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी स्टिअरिंग फिरवलं. ट्रेलर कोपरात दुमडल्यासारखा वाकडा झाला. पुन्हा फिरवलं, आणखी वाकडा. एक मालवाहू ट्रकवाला भोंगा वाजवायला लागला.

काका न बोलता खाली उतरले, मागे जाऊन उभे राहिले आणि आरशात मला त्यांचे दोन्ही हात दिसायला लागले. "उजवीकडे! तुझं उजवं नव्हे, तिचं! थांब. सरळ कर. आता सोड, सोड, येऊ दे तिला!" मी इतका चिडलो होतो की घाबरायचंच विसरलो. ट्रेलर सुतासारखा सरळ मागे आला, ढिगाला न शिवता, खांबाला न शिवता.

"जमलं!" काका टाळ्या वाजवत धावत आले. थंडीने नाक लाल, चेहऱ्यावर पोराचं पहिलं पाऊल बघितल्याचा आनंद. "बघ, जमलं की नाही?"

मला शाबासकीचा आनंद झाला. त्या आनंदाचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

पंपाच्या तोंडाशी मी थांबलो. डावीकडे ट्रॉय, उजवीकडे ओहायो. काका समोर बघत होते. परत नेऊन काय करणार होतो मी? टपालपेट्या पाडल्या, पाय खाजवले, ट्रक घेतला, पण बारशाला घुगऱ्या खाल्ल्या म्हणून मूल आपलं होत नाही. मी उजवीकडे वळलो. त्याआधी उतरून नारळ तेवढा गोदेच्या पोटात परत ठेवून आलो, शेंडी वर करून. भरलेली ओटी रिकामी कशी करायची?

तळ्याकाठच्या गावात ते जोडपं वाट बघतच होतं. नारिंगी टोपी घातलेला नवरा माझा हात जोरजोरात हलवत म्हणाला, "यू मस्ट बी द ड्रायव्हर! ही सेड ही गॉट अ गुड वन!" मी काकांकडे पाहिलं. एवढं एक वाक्य ते सहज दुरुस्त करू शकले असते. ते वाकून चाकांचा ताप बघत होते.

बायको प्लॅस्टिकच्या दारातून आत गेली आणि नारळ घेऊन बाहेर आली. हे काय आहे, म्हणाली. "फॉर लक," काका तिकडूनच म्हणाले. मला राहवलं नाही. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे मुलगी घर सोडून जाते तेव्हा आई तिच्या पदरात हे घालते. त्या बाईने नारळ छातीशी धरला. "ओ," ती काकांना म्हणाली, "सो शी वॉज युवर डॉटर." मग माझ्याकडे वळली. "अँड यू?"

काकांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"ड्रायव्हर," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर रिकामा ट्रक इतका हलका झाला होता की वाऱ्याने सरकत होता. काका त्यांच्या घरापाशी उतरले, आणि मी आमच्या घरी आलो तर मृणालने वरण-भात लावून ठेवला होता. आवडीचं जेवण तयार असलं की समजायचं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"आत्या आहे मी. ओटी काकूंनी आणि मी मिळूनच भरली."

"आणि बाकी कोणाला?"

"सगळ्यांनाच माहीत होतं रे. काका म्हणाले, त्याला कोणी सांगू नका, तो ट्रक देणार नाही." माझ्या पानात तूप वाढत ती म्हणाली, "आणि रडेल."

म्हणजे क्रम असा होता. आधी ट्रक.

त्यांच्या निरोपसमारंभाला मी गेलो नाही. पण विमानतळावर सोडायला मृणालने मलाच पाठवलं. सामान जास्त होतं आणि ट्रक कोणाकडे आहे? काकू मागे बसल्या होत्या. उतरताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. काकांनी बॅगा उतरवल्या, माझ्या बाजूला आले, आणि ट्रकच्या दारावरून करंगळी फिरवून जिभेला लावली. डोळे मिटले.

"आज जरा जास्तच झालंय," ते म्हणाले.

आणि उभे राहिले. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. त्यांना काय ऐकायचंय ते मला पक्कं ठाऊक होतं. दोनच तर शब्द होते. मी सरळ समोरच्या काचेतून बघत राहिलो. काकांनी करंगळी कोटाला पुसली आणि ते आत गेले.

मे महिन्यात चँडलरहून फोन आला. काकूंचे गुडघे छान आहेत. इथे कुठलीच गाडी गंजत नाही, माणसाला करायला काही कामच नाही. नारिंगी टोपीवाल्याने फोटो पाठवलाय, गोदा पाण्यात उतरली. मी हं हं करत होतो. मग त्यांचा आवाज जुन्या वळणावर आला.

"हिवाळा संपला ना तिकडे? ट्रक खालून धुतलास का?"

"धुतला," मी म्हणालो.

"वाकून? नीट?"

"वाकून. नीट."

"शाबास," काका म्हणाले. त्यांनी लगेच विश्वास ठेवला, जसा मी ठेवत आलो होतो.

फोन ठेवून मी खिडकीतून बाहेर बघितलं. ट्रक दारात उन्हात उभा होता. वरून अगदी चकचकीत.